एलांगाची विक्री : मँचेस्टर युनायटेडने नेमके काय गमावले?

मध्यरेषा :

मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबने जुलै २०२३ मध्ये अँथनी एलांगा हा २१ वर्षांचा विंगर (मैदानाच्या कडेने धावणारा आघाडीपटू) नॉटिंगहॅम फॉरेस्टला दीड कोटी पौंडांना विकला, तेव्हा युनायटेडच्या फार थोड्या चाहत्यांनी हरकत घेतली होती. दोन वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, फॉरेस्टने त्यालाच न्यूकॅसलला विकले आणि अतिरिक्त रकमा धरून तो व्यवहार साडेपाच कोटी पौंडांच्या घरात गेला. आज जी हळहळ ऐकू येते ती बहुतांशी या दोन आकड्यांमधल्या अंतराबद्दल असते. माझे म्हणणे असे की हळहळ रास्त आहे, पण तिचे कारण चुकीचे सांगितले जाते. खेळाडू स्वस्तात गेला यापेक्षा तो पारखून न पाहताच गेला, हे मला अधिक गंभीर वाटते.

माल्मो येथे जन्मलेला, कॅमेरूनकडून खेळलेल्या जोसेफ एलांगा यांचा हा मुलगा लहानपणीच युनायटेडच्या अकादमीत आला. २०२१-२२ च्या विस्कटलेल्या हंगामात राल्फ रांगनिक हंगामी प्रशिक्षक असताना त्याला पहिल्यांदा नियमित संधी मिळाली आणि त्याने ब्रेंटफर्ड व लीड्सविरुद्ध गोल केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये माद्रिदला ॲटलेटिकोविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरल्यावर पाचेक मिनिटांत त्याने बरोबरीचा गोल केला. त्या वर्षी संघात उत्साहाने धावणारे जे थोडे खेळाडू दिसत होते त्यांपैकी तो एक होता.

पुढच्या हंगामात एरिक टेन हाग प्रशिक्षक म्हणून आले. ऑगस्टमध्ये लिव्हरपूलला २-१ असे हरवणाऱ्या संघात एलांगा सुरुवातीपासून होता. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस क्लबने आयॅक्सकडून ब्राझीलचा विंगर अँतोनी याला साडेनऊ कोटी युरो अधिक अतिरिक्त रकमा देऊन आणले आणि उजवी बाजू त्याच्या नावाने राखून ठेवल्यासारखी झाली. त्यानंतर एलांगा बहुतेक वेळा सामन्याच्या शेवटी, निकाल जवळपास ठरल्यावर, मैदानात येत राहिला. २०२२-२३ मध्ये त्याने एकही गोल केला नाही आणि ‘गोल नाहीत’ हेच पुढे विक्रीचे समर्थन ठरले.

फॉरेस्टकडे गेल्यावर पहिल्या हंगामात त्याने प्रीमियर लीगमध्ये ५ गोल केले आणि ९ गोलांना साहाय्य केले. दुसऱ्या हंगामात हेच आकडे ६ आणि ११ झाले. १ एप्रिल २०२५ च्या सामन्यात (आपल्याकडे मध्यरात्र उलटून साडेबाराला तो सुरू झाला होता) पाचव्याच मिनिटाला युनायटेडच्या कॉर्नरनंतर सुटलेला चेंडू घेऊन तो जवळजवळ संपूर्ण मैदान एकट्याने पार करत गेला आणि गोल करून आला. सामना १-० असा त्याच गोलावर संपला. फॉरेस्ट त्या हंगामात सातव्या स्थानी राहिले आणि युनायटेड पंधराव्या. या धाग्यावर विरोधी मते अवश्य मांडावीत. मला ती ऐकायची आहेत.

कृष्णाकाठ :

आपण तपशील नेमके दिले आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

युनायटेडकडून एलांगा ५५ सामने खेळला आणि त्यांत त्याचे ४ गोल आहेत. ५५ सामने म्हणजे संधीच मिळाली नाही, असे म्हणता येणार नाही. त्याचा वेग वादातीत होता. मात्र समोरचा संघ आपल्या पेनल्टी क्षेत्रापुढे दाटीवाटीने उभा राहिला की पहिला स्पर्श, पासची निवड आणि अखेरचा चेंडू या तिन्ही बाबतींत तो कमी पडत असे, आणि ओल्ड ट्रॅफर्ड या युनायटेडच्या घरच्या मैदानावर येणारे बहुतेक संघ तसेच खेळतात. फॉरेस्टचा संघ प्रशिक्षक नुनो एस्पिरितो सांतो यांच्या हाताखाली चेंडूचा ताबा सर्वांत कमी ठेवणाऱ्या संघांपैकी होता. मागे राहायचे, चेंडू हिसकावायचा आणि मोकळ्या जागेत एलांगाला सोडायचे, पुढे आघाडीपटू ख्रिस वुड उभा आहेच, अशी त्यांची रचना होती. त्या रचनेत तो फुलला याचा अर्थ युनायटेडमध्येही फुलला असता, असा होत नाही.

शिवाय आपण फक्त यशस्वी ठरलेल्या खेळाडूंची आठवण ठेवतो. अदनान यानुझाईने ऑक्टोबर २०१३ मध्ये संडरलंडविरुद्ध दोन गोल करून सामना फिरवला होता, तेव्हा तो १८ वर्षांचा होता, आणि त्याच्याबद्दल आज एलांगाबद्दल बोलले जाते त्याहून कितीतरी मोठे बोलले गेले. क्लबने त्याला थांबवून धरले, लोनवर (तात्पुरते दुसऱ्या क्लबकडे) पाठवले आणि अखेर २०१७ मध्ये रेआल सोसिएदादला विकले. त्या विक्रीबद्दल कोणी धागा काढलेला माझ्या पाहण्यात नाही. तरुण खेळाडू विकताना दहांपैकी एखादा निर्णय उलटणारच; त्या एकावरून पद्धतच सदोष होती असे ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

उत्तरा :

मी लेखापरीक्षणाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून या व्यवहाराची हिशेबाची बाजू मांडते, कारण तिच्याशिवाय २०२३ मधला निर्णय समजत नाही.

खेळाडू विकत घेतला की त्याची किंमत कराराच्या वर्षांवर विभागून दरवर्षी खर्च म्हणून दाखवली जाते. अकादमीत वाढलेल्या खेळाडूला मात्र हिशेबाच्या वहीत किंमतच नसते, त्यामुळे त्याच्या विक्रीची रक्कम त्या वर्षी जवळपास पूर्णपणे नफा म्हणून जमा होते. प्रीमियर लीगच्या नियमांनुसार क्लबला तीन वर्षांत जास्तीत जास्त साडेदहा कोटी पौंडांचा तोटा दाखवता येत असे, आणि त्याच जुलै महिन्यात युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने आर्थिक नियमांच्या किरकोळ उल्लंघनाबद्दल युनायटेडला ३ लाख युरोंचा दंड केला होता. याच उन्हाळ्यात क्लबने मेसन माउंट, आंद्रे ओनाना आणि रासमुस होयलुंड यांना आणले. अशा वेळी घरचा खेळाडू विकणे हा ताळेबंद सुधारण्याचा सर्वांत सोपा मार्ग असतो आणि इंग्लंडमधले अनेक क्लब तोच धरतात. मँचेस्टर सिटीने त्याच वर्षी १ सप्टेंबरला कोल पामरला चेल्सीकडे जाऊ दिले, ते याचेच अधिक ठळक उदाहरण होय.

आता एक तुलना करून पाहा. अँतोनीची मूळ किंमत साडेनऊ कोटी युरो आणि करार २०२७ पर्यंत, म्हणजे पाच वर्षांचा. वर्षाला एक कोटी नव्वद लाख युरोंचा खर्च झाला. एलांगाच्या विक्रीचे दीड कोटी पौंड त्या वेळच्या दराने साधारण पावणेदोन कोटी युरो होतात. म्हणजे अकादमीत वर्षानुवर्षे घडवलेला एक विंगर विकून जे मिळाले, त्यातून दुसऱ्या विंगरचा एका वर्षाचाही हिशेबी खर्च निघाला नाही. मला विक्रीपेक्षा ही खरेदी अक्षम्य वाटते. युनायटेडकडून ९६ सामन्यांत १२ गोल करून अँतोनी २०२५ मध्ये रेआल बेतिसकडे २ कोटी २० लाख युरोंना गेला.

मध्यरेषा :

उत्तरा यांनी मांडलेला हिशेब माझ्या मूळ मुद्द्याला बळ देतो असे मला वाटते. नियम असे आहेत की घरचा खेळाडू विकला तर लगेच फायदा दिसतो आणि बाहेरचा महाग खेळाडू विकला तर तोटा उघड होतो. त्यामुळे दोघांपैकी कोण जास्त उपयोगाचा, हा खेळाचा प्रश्न मागे पडतो. एलांगाचा करार २०२६ पर्यंत होता. तो फुकट निघून जाण्याची भीती नव्हती आणि आणखी एक वर्ष थांबणे किंवा त्याला लोनवर पाठवणे सहज शक्य होते.

कृष्णाकाठ, तुमच्या ५५ सामन्यांच्या आकड्याला माझे उत्तर असे की त्यांतले कितीतरी सामने म्हणजे शेवटची दहा-पंधरा मिनिटे आहेत. विंगरचे मोल पूर्ण सामन्यातच कळते. समोरचा फुलबॅक, म्हणजे त्या बाजूचा बचावपटू, साठाव्या मिनिटानंतर थकतो आणि त्याच्या चुका वाढतात. त्या वेळेपर्यंत त्याला सतत धावायला लावणारा खेळाडू हवा असतो. शिवाय टेन हाग यांनी २०२३ च्या उन्हाळ्यात स्वतःच जाहीरपणे सांगितले होते की चेंडू मिळताच झपाट्याने पुढे जाणारा, त्या बाबतीत जगात सर्वोत्तम असा संघ त्यांना घडवायचा आहे. ज्या उन्हाळ्यात प्रशिक्षक असे म्हणतो त्याच उन्हाळ्यात संघातल्या सर्वांत वेगवान विंगरांपैकी एक विकला जातो, याची संगती मला लागत नाही. फॉरेस्टची शैली वेगळी होती हे मान्य, पण टेन हाग यांना हवी होती ती शैली तरी एलांगाच्या गुणांना साजेशीच होती.

पंचगंगा :

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने पाहत वाढलो, तेव्हा कोणता पोरगा कोणत्या तालमीतून कोणत्या तालमीत गेला यावर वर्षभर चालणारी हुज्जत मला नवी नाही. घरात वाढलेला खेळाडू समोरच्या संघाकडून आपल्यावर गोल करतो, ते दुःख पैशांत मोजता येत नाही हेही खरे. युनायटेडच्या बाबतीत तर ऑक्टोबर १९३७ पासून प्रत्येक सामन्याच्या संघात अकादमीतला किमान एक खेळाडू राहिला आहे, आणि क्लब त्याचा अभिमानाने उल्लेख करतो. अशा क्लबकडून अकादमीच्या पोरांना जास्त सबुरी दाखवली जावी, ही चाहत्यांची अपेक्षा भावनिक म्हणून बाजूला सारू नये.

परंतु माझी तक्रार वेगळ्या ठिकाणी आहे. विकायचेच होते तर पुन्हा विकत घेण्याचा हक्क करारात ठेवणे ही आता नेहमीची गोष्ट झाली आहे. रेआल माद्रिदने बचावपटू दानी कार्वाहाल २०१२ मध्ये जर्मनीच्या लेव्हरकुसेनला विकला आणि वर्षभरात थोडे जास्त पैसे देऊन परत आणला. पुढची दहा-बारा वर्षे त्यांच्या उजव्या बाजूचा प्रश्न मिटला. आघाडीपटू मोराताच्या बाबतीतही त्यांनी युव्हेंटसशी तेच केले. खेळाडूला खेळायला मिळते, विकत घेणाऱ्याला तयार खेळाडूचा उपयोग होतो, आणि मूळ क्लबचा दरवाजा उघडा राहतो. एकविसाव्या वर्षी खेळाडूचे भविष्य सांगता येत नाही, हे कृष्णाकाठ यांचे म्हणणे खरे असेल, तर मग अनिश्चिततेची किंमत करारात धरायला नको का?

कृष्णाकाठ :

पुन्हा घेण्याच्या हक्काचा मुद्दा मी मान्य करतो, तरी त्यात एक अडचण आहे. असा हक्क मागितला की विकत घेणारा किंमत पाडतो. दीड कोटींतून हिशेबाचा ताण हलका करायचा होता, त्या उन्हाळ्यात ते परवडले असते का?

दुसरे, समजा एलांगाला ठेवले असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये रुबेन अमोरिम प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी तीन बचावपटूंची रचना आणली, तिच्यात रेषेलगत धावणाऱ्या पारंपरिक विंगरला जागाच नव्हती. अवघ्या वर्षभरात रॅशफर्ड आणि अँतोनी बाहेर पडले आणि अलेहांद्रो गार्नाचो ४ कोटी पौंडांना चेल्सीकडे गेला, ज्याने मे २०२४ मध्ये एफए चषकाच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीविरुद्ध पहिला गोल केला होता. एलांगाही त्याच रांगेत उभा राहिला असता. मग तो दीड कोटींऐवजी चार कोटींना गेला असता, एवढाच फरक. आणि आपण तर म्हणता की मुद्दा पैशांचा नाहीच.

उत्तरा :

अडीच कोटी पौंडांच्या फरकाला ‘एवढाच’ म्हणता येणार नाही. ज्या क्लबला तीन वर्षांच्या तोट्याची मर्यादा सांभाळायची होती, त्याच्यासाठी तो एका चांगल्या खेळाडूचा प्रश्न होता.

मध्यरेषा :

कृष्णाकाठ यांचा अमोरिम यांच्याविषयीचा युक्तिवाद या धाग्यातला सर्वांत वजनदार विरोधी मुद्दा आहे आणि मी त्याचा बराच विचार केला. मात्र २०२३ मध्ये निर्णय घेणाऱ्यांना २०२४ मध्ये कोण प्रशिक्षक येणार हे ठाऊक नव्हते, त्यामुळे त्यांच्या बचावासाठी तो वापरता येणार नाही. नंतर घडलेल्या गोष्टींवरून विक्रीला दोष देऊ नका, असे आपण म्हणता; मग नंतर घडलेल्या गोष्टींवरून तिचे समर्थनही करू नये.

आणि अमोरिम यांच्या रचनेत उजवीकडून आत येणारा, वेगाने धावणारा, मागे येऊन बचावही करणारा आघाडीपटू लागतच होता. तो क्लबने जुलै २०२५ मध्ये ब्रेंटफर्डकडून आणला. ब्रायन एम्बेउमो हा एलांगापेक्षा अधिक चांगला गोल करणारा खेळाडू आहे, यात शंका नाही. त्याच्यासाठी साडेसहा कोटी पौंड आणि वर अतिरिक्त रकमा मोजल्या. एलांगा त्या जागी पुरेसा ठरला असता की नाही, यावर आपल्या दोघांचे एकमत होणार नाही. पण चोविसाव्या वर्षाकडे झुकलेला, दोन हंगामांत २० गोलांना साहाय्य केलेला खेळाडू संघात असता, तर एम्बेउमोवरचा पैसा मधल्या फळीवर खर्च करायचा की नाही, हा पर्याय तरी क्लबपुढे राहिला असता.

कृष्णाकाठ :

मधल्या फळीबद्दल सहमत. तिथे कासेमिरोच्या शेजारी धावणारा माणूस नव्हता, हे आपण तीन हंगाम पाहिले. मात्र एलांगाऐवजी एम्बेउमो हवा, हे माझे मत कायम आहे, आणि त्याच पैशात दोन्ही बाजूंची गरज भागवायची संधी होती असे मला अजूनही वाटत नाही.