रंकाळा आणि पाण्याला दिलेला छोटा धक्का
"रंकाळ्याचं पाणी नियमित तपासलं की पुरे, तळ्याला मुद्दाम छोटा धक्का देऊन छेडायचं कशाला" हा कोल्हापूरच्या रंकाळा तलावाबद्दल एकाने मांडलेला मुद्दा मला अर्धाच पटला. तपासणीतून आजची अवस्था कळते, धक्का पचवायची ताकद नाही. जवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत कास्टिंगवर (ओतीव भागावर) हातोडी टोलली की चिरलेला पीस बद्द वाजतो, दिसायला मात्र धडधाकट असतो.

अमेरिकेतल्या पीटर लेकमध्ये शास्त्रज्ञांनी २००८ पासून शिकारी मासे थोडे थोडे सोडले, शेजारचं पॉल लेक तुलनेसाठी तसंच ठेवलं. अन्नसाखळी पुरती पालटण्याच्या वर्षभराहून आधीच पाण्यातल्या हरितद्रव्याचे (म्हणजे शेवाळाच्या प्रमाणाचे) चढउतार वाढले होते, म्हणजे तळं डळमळीत होत असल्याचा इशारा आधीच मिळाला होता. रंकाळ्यात मासे सोडा असं मी अजिबात म्हणत नाही. पण वळवाच्या मोठ्या सरीनंतर पाणी पूर्ववत व्हायला किती दिवस लागतात, याची दरवर्षी नोंद ठेवायलाच हवी.