मदत हवी आहे : टर्मिनलमध्ये जावा १७, तरी बिल्ड 'मेजर व्हर्जन ६५' म्हणून अडतंय

मंडळी, काल दुपारपासून एकाच एररशी झटतोय. लॅपटॉप नवा (विंडोज), प्रोजेक्ट जुना. स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क), बिल्डसाठी, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायला, ग्रेडल ७.६ (प्रोजेक्टसोबतच्या 'रॅपर' स्क्रिप्टमधून चालणारं), कोड जावा १७ चा. सहकाऱ्यांकडे आणि सर्व्हरवर बिल्ड बिनबोभाट होतं. माझ्याकडे कोडची एक ओळ कंपाइल व्हायच्या आधीच हे येतं :

'बग! एक्सेप्शन इन फेज सिमँटिक अ‍ॅनालिसिस... अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५'

(उद्गारचिन्हासकट 'बग!' बघून आधी वाटलं, ग्रेडलमध्येच काहीतरी गडबड आहे.)

शोधल्यावर कळलं की ६५ म्हणजे जावा २१. ते मीच हौसेनं टाकलं होतं. म्हणून १७ टाकलं. आता टर्मिनलमध्ये जावाला व्हर्जन विचारलं की ते १७ सांगतं, आणि बिल्डमध्ये तेच ६५.

बिल्ड फाइलमध्ये सोर्स कम्पॅटिबिलिटी १७ आहेच, टार्गेटही लिहून पाहिलं. ग्रेडलचा कॅश फोल्डर उडवला, सगळ्या लायब्रऱ्या पुन्हा उतरल्या, एरर जागच्या जागी. रीस्टार्टही झालं. २१ काढून टाकता येत नाही, दुसऱ्या प्रोजेक्टला लागतं. हे ६५ येतंय कुठून?

प्रतिसाद १ :
टर्मिनलमधलं जावा पाथवरून (प्रोग्राम कुठे शोधायचे त्या फोल्डरांच्या यादीवरून) येतं. ग्रेडलचा रॅपर आधी 'जावा_होम' (जावा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते सांगणारं सिस्टिमचं सेटिंग) बघतो. तो सेट असेल तर पाथकडे ढुंकूनही पाहत नाही. जावाला नका विचारू, रॅपरला विचारा : 'ग्रेडलडब्ल्यू --व्हर्जन'. त्यात 'जेव्हीएम' (ग्रेडल स्वतः ज्या जावावर चालतंय ते) अशी ओळ येते, ती इथे टाका.

धागाकर्ता :
जेव्हीएम २१! जावा_होम अजून तिकडेच बोट दाखवतोय. २१ च्या इन्स्टॉलरमध्ये कसलीशी टिक केल्याचं पुसटसं आठवतंय. पण एक कळलं नाही. बिल्ड फाइलमध्ये १७ लिहिलंय ना, मग ग्रेडल स्वतः कशावर चालतं याचा काय संबंध?

प्रतिसाद १ :
संबंध असा की तुमची बिल्ड फाइल हाच मुळात ग्रूव्ही भाषेतला एक प्रोग्राम आहे. ती आधी कंपाइल होते आणि मग कुठे तिच्यातलं '१७' वाचलं जातं. कंपाइल करताना ग्रूव्हीला जावाच्या स्वतःच्या क्लास फाइली (आधीच कंपाइल झालेल्या फाइली) वाचाव्या लागतात. त्यांच्यावर ६५ चा शिक्का आहे, आणि ग्रेडल ७.६ सोबत येणाऱ्या ग्रूव्हीला तो आकडा ओळखताच येत नाही. ७.६ ची धाव जावा १९ पर्यंत, २१ वर चालायला ग्रेडल ८.५ लागतं. तुमच्या १७ ची पाळीच आली नाही.

आकडा पुन्हा भेटेलच, म्हणून : त्यातून ४४ वजा करा. ६१ म्हणजे १७, ५५ म्हणजे ११, ५२ म्हणजे ८.

प्रतिसाद २ :
एवढा खटाटोप कशाला, टूलचेन (कोड कोणत्या जावानं कंपाइल करायचा ते ग्रेडलला सांगायची सोय) लावा. ग्रेडल आपोआप १७ शोधेल.

प्रतिसाद १ :
टूलचेन जरूर लावा, पण तीही त्याच बिल्ड फाइलमध्ये लिहायची ना? ती कोड कंपाइल करण्यापुरती, ग्रेडलला स्वतःला चालायला तिचा उपयोग नाही.

प्रतिसाद ३ :
मी असतो तर रॅपरच ८.५ वर नेला असता. मात्र २१ वर कंपाइल करणार असाल तर आधी लॉम्बॉक (जावाचा ठरावीक कोड आपोआप लिहून देणारी लायब्ररी) बघा. १.१८.३० च्या आधीचं असेल तर 'नो सच फील्ड' एरर येईल आणि त्यात 'क्वालिड' असं काहीतरी दिसेल. तिथे पुन्हा एक दिवस घालवू नका. आणि रॅपरची फाइल सगळ्या टीमची असते, परस्पर बदलून पुश केलीत तर बोलणी खाल.

धागाकर्ता :
झालं! जावा_होम १७ केला. तरी दहा मिनिटं एरर येतच होता, कारण आधीपासून उघड्या टर्मिनलला नवी किंमत कळतच नाही. नवं टर्मिनल उघडलं आणि बिल्ड पार पडलं.

मग इंटेलिजे (कोड लिहायचा एडिटर) उघडलं, तर तिथे पुन्हा ६५. सेटिंग्जमध्ये ग्रेडलखाली 'ग्रेडल जेव्हीएम' असा वेगळाच रकाना निघाला, त्यात २१ ठाण मांडून बसलं होतं. तेही बदललं.

दुसऱ्या प्रोजेक्टसाठी आता जावा_होम फक्त त्या टर्मिनलपुरता २१ करतो. ८.५ बद्दल टीमला विचारून सांगतो. लॉम्बॉक तपासलं, १.१८.२४ आहे, म्हणजे तो खड्डा पुढे होताच. आभार, मंडळी.