होम असिस्टंट या घरातील स्मार्ट उपकरणे चालवणाऱ्या प्रणालीसाठी स्वतःचे इंटिग्रेशन (उपकरण तिच्याशी जोडणारा कोड) लिहिताना चाचणीची व्यवस्था कशी करावी?

प्रश्न: ईएसपी३२ या वायफाय असलेल्या छोट्या चिपवर चालणारे, पाण्याच्या टाकीची पातळी मोजणारे उपकरण जोडण्यासाठी मी पायथनमध्ये इंटिग्रेशन लिहीत आहे. विंडोजवर डॉकर आणि व्हीएस कोडच्या डेव्हकंटेनरमध्ये (संगणकावरच्या वेगळ्या, बंदिस्त चाचणी-वातावरणात) होम असिस्टंट सुरू होते, ८१२३ पोर्टवर पानही उघडते. परंतु त्याच वायफायवरील उपकरण आपोआप सापडत नाही. घरातील चालू यंत्रणेला धक्का न लावता हे कसे सोडवावे?

उत्तर १: आपोआप शोध एमडीएनएस या जाळ्यावरील उपकरणे शोधण्याच्या पद्धतीच्या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना जाणाऱ्या) संदेशांवर चालतो आणि कंटेनरचे जाळे वेगळे असल्यामुळे ते संदेश सहसा आतपर्यंत पोहोचतच नाहीत, म्हणून कोडमध्ये दोष शोधत बसू नये. कॉन्फिग फ्लोमध्ये (इंटिग्रेशन जोडताना माहिती भरण्याच्या पायऱ्यांमध्ये) आयपी पत्ता हाताने भरण्याची सोय आधी करावी आणि राउटरवर तो पत्ता उपकरणासाठी राखून ठेवावा. माझ्या मते ही सोय कायम ठेवावी, कारण अनेकांच्या घरी उपकरणे वेगळ्या जाळ्यावर असतात.

उत्तर २: वरील सल्ला योग्य आहे. कोडची प्रत विंडोजच्या ड्राइव्हवर न ठेवता डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) मधील लिनक्स फाइलप्रणालीत ठेवावी. वेगातील फरक लगेच जाणवतो. शिवाय ‘कस्टम कंपोनंट्स’ या फोल्डरमधील इंटिग्रेशनच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये (त्याची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) आवृत्ती क्रमांक नसेल, तर होम असिस्टंट ते लोडच करत नाही.

प्रश्नकर्ता: पत्ता हाताने भरल्यावर उपकरण जोडले गेले आणि पातळीचा सेन्सरही दिसू लागला. दोघांचेही मनःपूर्वक आभार.