सरासरीएवढेच मोदक का करायचे?

मोदक विकणाऱ्याला कुणीतरी सल्ला दिलाय, 'रोजचा सरासरी खप १००, तर १००च मोदक करा.' नाही पटलं. उकडीचा मोदक दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. समजा, खर्च १५ रुपये, विक्री ४०. गिऱ्हाईक परत गेलं तर २५ बुडाले, मोदक उरला तर १५. बुडालेला नफा भागिले दोन्ही नुकसानांची बेरीज, म्हणजे २५ भागिले (२५ + १५) = ०.६२५; म्हणून शंभरातल्या ६२-६३ दिवशी मागणी पुरी होईल एवढा माल हवा, बहुधा सरासरीपेक्षा जास्तच. तोच मोदक बाहेरून ३० ला आणलात तर गिऱ्हाईक गेल्यास १० बुडतात, उरल्यास ३०; आकडा थेट ०.२५, मग हात आखडता घ्या. (संकष्टीचा हिशेब वेगळाच ठेवा हं!) आणि वहीत विक्री असते, मागणी नव्हे. दुपारी बारालाच परात रिकामी झाली, त्या दिवशी आणखी किती खपले असते हे त्या १०० मध्ये कुठे धरलंय?