मदत हवी आहे : आईला घेऊन कॅपाडोकिया, डेरिनकुयू की कायमाकली?

ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन तुर्कस्तानात कॅपाडोकियाला चाललोय. गोरेमेत तीन रात्री मुक्काम. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ दगडात कोरलेली घरं, चर्च बघायची तिची फार वर्षांची इच्छा आहे. वय ६८, गुडघे दुखतात, पण सपाटीवर तासभर आरामात चालते.

अडचण भुयारी शहरांची आहे. डेरिनकुयू सुमारे ८५ मीटर खोल, जिने अरुंद. कायमाकली त्या मानाने उथळ, पण बोळ ठेंगणे, वाकूनच जावं लागतं. गुडघ्यांना जास्त त्रास कुठे होईल? दम लागला तर अर्ध्यातून परत फिरता येतं का?

हॉट एअर बलूनच्या टोपलीत चढणं तिला जमेल का? वाऱ्यामुळे उड्डाणं रद्द होतात, म्हणून पहिलीच सकाळ धरतोय. वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा.