अनुभव धागा: दाखला रविवारी ऐकला, सोमवारी काय करायचं? (इंदूर)

लोकमान्यनगर, मंडळीच्या (चर्चच्या) भेटीगाठींचं काम

सगळ्यांना जय ख्रिस्त. येशूचे दाखले, म्हणजे बोध देण्यासाठी सांगितलेल्या छोट्या गोष्टी, बायबलातल्या मत्तय, मार्क आणि लूक या तीन शुभवर्तमानांत आहेत. कसे मोजाल त्यावर ते पस्तीस-चाळीस भरतात. लहानपणापासून ऐकलेले असल्यामुळे आपण अर्थ पटकन सांगतो आणि तिथेच थांबतो. या धाग्यावर अर्थ थोडा आणि कृती जास्त हवी आहे. घरात, दुकानात, शेतात, मंडळीत त्या दाखल्यावरून नेमकं काय करायचं, किती, केव्हा, आणि ते कुठे फसतं, ते लिहा. साक्ष द्यायला आपल्याकडे दुसऱ्या वेळा आहेत. इथे स्वतःची कहाणी बाजूला ठेवून हाताला बसलेली पद्धत तेवढी द्या.

माझी रीत अशी की दाखल्यातल्या क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ मारायची. लूक १५ (म्हणजे लूकचा पंधरावा अध्याय) घ्या. शंभरातलं मेंढरू रानात हरवतं, दहातलं नाणं घरातच हरवतं. मेंढराला शोधायला बाहेर जावं लागतं. नाणं मात्र कुठे गेलेलंच नसतं, म्हणून भेटीगाठींच्या वहीत दोन याद्या लागतात. एक, उपासनेला येणं बंद झालेल्यांची. दुसरी, दर रविवारी बाकावर असतात पण आपलं कुणी विचारत नाही अशांची: नवी सून, नोकरी गेलेला, बायको वारल्यावर एकटे राहिलेले आजोबा. दुसरी यादी बहुतेक मंडळ्यांत नसतेच.

पहिल्या यादीसाठी: लागोपाठ दोन रविवार माणूस दिसला नाही तर सोमवारी फोन, तिसऱ्या रविवारनंतरच्या आठवड्यात घरी भेट. दोघांनीच जायचं, त्यातलं एक त्या घरच्या ओळखीचं. अर्धा तास पुरे. "का येत नाही?" हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारायचा नाही, तब्येत, मुलं, काम, मग एक छोटी प्रार्थना. दानाची पाकिटं, वर्गणीची पावती असलं काही पिशवीत नको. फसतं ते इथेच: अख्खी कमिटी जाते, पाच माणसं सोफ्यावर बसतात आणि त्या घराला जाब विचारल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या यादीसाठी ती बाई काय करते बघा. दिवा लावते, झाडते, सापडेपर्यंत शोधते. त्या काळच्या गरिबांच्या घरांना झरोका लहान, आत दिवसाही अंधार, म्हणून दिवा आधी. आपल्याकडे दिवा म्हणजे नीट पाहणं. उपासना संपल्यावर पहिली दहा मिनिटं आपल्या नेहमीच्या मैत्रिणींशी बोलायचं नाही, एवढा नियम चार जणींनी पाळला तरी महिन्याभरात यादी तयार होते.

स्कीम ७८, बांधकाम

खडकावरचं घर, मत्तय ७. एकाने घर खडकावर बांधलं, दुसऱ्याने वाळूवर, आणि पुरात दुसरं पडलं. हाच दाखला लूक ६ मध्येही आहे आणि तिथे एक जास्तीची गोष्ट आहे: त्या माणसाने खोल खणलं. माळव्यात राहणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. आपली काळी माती पावसात फुगते, एप्रिल-मेमध्ये आकसून हातभर भेगा पडतात. तिच्यावर दोन-अडीच फुटांचा पाया घेऊन बांधलेली भिंत पहिल्या वर्षी ठणठणीत दिसते. दोन-तीन पावसाळ्यांनंतर दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. उपाय म्हणजे मुरूम किंवा कडक थर लागेपर्यंत खणायचं, नाहीतर खाली फुगवटा असलेले, किमान साडेतीन मीटर खोल पाइल (जमिनीत उतरवलेले पायाचे खांब) घ्यायचे. प्लास्टर दोन्ही घरांना सारखंच असतं. येशूनेही दोन घरांच्या दिसण्यात फरक सांगितलेला नाही.

दोघांनीही वचन ऐकलं, एकाने केलं. म्हणून प्रवचनानंतर घरी पोचायच्या आत एक ओळ लिहायची: काय, कोणासाठी, कोणत्या वारी. "प्रेमाने वागायचं" ही ओळ चालत नाही, कारण झालं की नाही ते तपासता येत नाही. "धाकट्या भावाला मंगळवारी फोन, जमिनीचा विषय न काढता" ही चालते. बुधवारच्या घरच्या प्रार्थनेत ती ओळ वाचायची. ओळ एकच. तीन लिहिल्या की तिन्ही राहतात, हे अगदी नक्की.

सियागंज, हिशेब लिहिणारा

मत्तय १८ मधला क्षमा न करणारा चाकर. राजाने त्याचं कर्ज माफ केलं, त्याने मात्र सोबत्याचं केलं नाही. आकडे मांडल्याशिवाय हा दाखला हातात येत नाही. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार. चाकराचं राजाकडे देणं १०,००० तालांत, म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. त्याचं सोबत्याकडे येणं १०० दिनार. प्रमाण ६ लाखांस १.

पण १०० दिनार क्षुल्लक नाहीत हे प्रवचनात बहुधा राहून जातं. आठवड्याला सहा दिवस काम धरलं तर ती जवळपास चार महिन्यांची कमाई झाली. तुमचं नुकसान किरकोळ आहे, सोडून द्या, असं येशू म्हणत नाही. नुकसान खरं आहे, तरी सोड, असं म्हणतो. म्हणून क्षमा करताना आधी रक्कम लिहायची. पैशाचं असेल तर पैसे, अपमानाचं असेल तर काय बोलले ते शब्द. आकडा न मांडता केलेली माफी पुढच्या लग्नकार्यात परत वर येते.

उसनवारीचं सांगतो. नात्यात पैसे देताना त्याच दिवशी मनाशी ठरवावं: हे परत हवेत की दिले? परत हवे असतील तर तारखेसह लिहून घ्या, त्यात नात्याचा अपमान नाही. सोडायचे ठरले तर समोरच्याला तोंडाने सांगा, चिठ्ठी त्याच्या हातात द्या, वहीत आडवी रेघ मारा आणि घरातल्यांनाही तो विषय पुन्हा काढायचा नाही असं सांगा. मागताच फेडायच्या वचनचिठ्ठीची कायद्याने मुदत ३ वर्षं. ती टळली म्हणून गप्प बसणं ही माफी नव्हे. आणि माफ केलं म्हणजे त्याच माणसाला पुन्हा उसनं दिलंच पाहिजे असं दाखल्यात कुठेही नाही.

रामबाग, महिला मंडळ

काकांच्या शेवटच्या वाक्याला धरून एक जोडते, फार महत्त्वाचं आहे. हाच दाखला आणि किती वेळा क्षमा करायची याला येशूने दिलेलं उत्तर, "सत्तर वेळा सात", हे शब्द मार खाणाऱ्या बाईला परत घरी पाठवायला वापरले जातात. असं करू नका. क्षमा हा तिचा आणि देवाचा प्रश्न. त्या घरात राहायचं का हा सुरक्षिततेचा प्रश्न. बाई मंडळीत येऊन सांगते तेव्हा क्रम असा: तिला एकटीला ऐकायचं, नवऱ्याला लगेच बोलावून समोरासमोर बसवायचं नाही, जखम असेल तर आधी दवाखाना आणि तिथली कागदपत्रं जपून ठेवणं, महिला हेल्पलाइन १८१, जीवाला धोका असेल तर ११२. प्रार्थना यातल्या प्रत्येक पायरीवर करावी, तिच्या जागी नव्हे.

पलासिया, नर्सिंग

चांगला शोमरोनी, लूक १०. वाटेत लुटून अर्धमेल्या टाकलेल्या माणसाला शोमरोनी, म्हणजे परक्या समाजाचा, वाटसरू मदत करतो. यरुशलेम ते यरीहो सुमारे २७ किलोमीटर, जवळपास हजार मीटर उतार, निर्जन वाट. लोकमान्यनगरच्या ताई म्हणतात तशा क्रियापदांखाली रेघा मारल्या तर: जवळ गेला, जखमा बांधल्या, तेल-द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्रभर राहिला, दुसऱ्या दिवशी दोन दिनार दिले, जास्त लागलं तर परत येताना देईन म्हणाला. आपण बहुतेक जण पहिल्या दोनांवर थांबतो.

बायपासवर अपघात दिसला तर: आपली गाडी कडेला, इंडिकेटर चालू, मागून येणाऱ्यांना इशारा करायला एकाला उभं करा. १०८ ला फोन. जवळची खूण आणि कोणत्या दिशेची लेन ते आधी सांगा, बाकी नंतर. रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल किंवा ओढणी घडी करून जोरात दाबा, दहा मिनिटं उचलून बघू नका. भिजली तर वरून दुसरी घडी, पहिली काढायची नाही. श्वास अडकत नसेल तर हेल्मेट काढू नका, मान-पाठ हलवू नका. पाणी, चहा काही पाजू नका. शस्त्रक्रिया लागली तर ते पोटातलं पाणी भोवतं. तेल आणि द्राक्षारस हे त्या काळचं औषध होतं. आज जखमेत हळद, कॉफी, टूथपेस्ट काहीही भरू नका.

भीती असते पोलिसांची. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ च्या निकालाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, नाव सांगण्याची सक्ती नाही. हे संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना शिकवाच.

आणि ते दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी. घरातल्या दोन दिवसांच्या कमाईएवढी रक्कम वेगळ्या पाकिटात ठेवली तर ऐन वेळी औषधं, रिक्षा, नातेवाइकांचं जेवण यासाठी विचार करत बसावं लागत नाही. वापरली की पुढच्या पगाराला भरायची. शोमरोनी परत येईन म्हणाला, हे करायला मात्र पाकीट पुरत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वॉर्डात जाऊन या, तोपर्यंत नातेवाईक थकलेले असतात.

सांवेर, शेती

गहू आणि निदण (तण), मत्तय १३. शत्रू गव्हात निदण पेरतो, मालक म्हणतो कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. शेतकरी म्हणून आधी एक स्पष्ट सांगतो: तण काढूच नये असा हा दाखला नाही. आपल्या गव्हात जो "गेहूं का मामा" येतो त्याच्यावर पेरणीनंतर ३०-३५ दिवसांत फवारणी करावीच लागते. रोप लहान असताना बुडाशी लालसर झाक दिसते, तीच खूण. ओंबी आल्यावर कळून उपयोग नाही. दाखल्यातलं निदण वेगळं, पण तेही ओंबी येईपर्यंत हुबेहूब गव्हासारखं दिसतं. तोवर दोघांच्या मुळ्या गुंतलेल्या असतात, उपटलं तर गहूही येतो. त्याच्या दाण्यात बुरशी असते, पिठात गेलं तर चक्कर-उलटी होते, म्हणून कापणीला पेंढ्या वेगळ्या बांधायला सांगितलंय.

चूक कुठे होते? मंडळीत कोणी पैशाचा घोळ केला की लोक म्हणतात, "कापणीपर्यंत राहू द्या." पण शेत म्हणजे जग, हे येशूने तिथेच, अडतिसाव्या वचनात सांगितलंय. मंडळीतल्या अपराधाची रीत मत्तय १८ मध्ये वेगळी आहे: आधी एकट्याने जाऊन बोला, नाही ऐकलं तर एक-दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे. या पायऱ्या उलट्या होतात, म्हणजे आधी ग्रुपवर मेसेज, मग घरी भेट, तेव्हा भांडण होतं.

लोकमान्यनगर (धागा सुरू करणारी)

दादा, हे फार नेमकं सांगितलंत. पहिल्या पायरीला किती वेळ द्यायचा?

सांवेर, शेती

ताई, आठवडाभर. एका भेटीत माणूस कबूल करत नाही, दुसऱ्या भेटीत करतो.

महू, घरगुती बेकरी

खमिराच्या दाखल्यात तीन मापं पीठ आहे. म्हणजे सुमारे ४० लिटरचं माप, वीस किलोच्या वर पीठ, गावजेवण झालं. घरच्या प्रमाणात १ किलो पिठाला २०० ग्रॅम जुनं खमीर. मे महिन्यात ४-५ तासांत फुगतं, जानेवारीत रात्रभर. नुसतं वर ठेवून फुगत नाही, मळावं लागतं, आणि मळल्यावर सारखं झाकण उघडून बघायचं नाही. घरी प्रार्थनेची सवय लावताना हेच: रोज सात मिनिटं, एक उतारा, सगळे बसलेले, सहा महिने. सुट्टीत अर्धा तास आणि एरवी काही नाही, हे वर ठेवलेलं खमीर.

सुदामानगर, संडे स्कूल

पेरणाऱ्याचा दाखला (बी वाटेवर, खडकाळ जागी, काटेऱ्यांत आणि चांगल्या जमिनीत पडतं) मुलांना सांगू नका, पेरायला लावा. चार कुंड्या, मेथीचे दाणे. पहिलीत माती थापून टणक करायची आणि दाणे वरच टाकून गच्चीत ठेवायची; कबुतरं काम करतात. दुसरीत खाली दगड, वर जेमतेम एक इंच माती. तिसरीत आधी राजगिरा दाट पेरून आठवडाभर उगवू द्यायचा, मग त्यात मेथी. चौथीत भुसभुशीत माती आणि थोडं शेणखत. पाणी सगळ्यांना सारखं. दुसरी कुंडी बहुधा आधी उगवते, कारण पातळ माती लवकर तापते, आणि दहा-बारा दिवसांत उन्हाने माना टाकते. मार्क ४ मध्ये अगदी हेच लिहिलंय. मुलांना ते डोळ्यांनी दिसतं. तिसरीतली मेथी मरत नाही, पिवळी आणि लांबट होते. मोठ्यांनी ही कुंडी जास्त वेळ बघावी.

"मी चांगली माती" असं प्रत्येक मूल म्हणतं. तेव्हा विचारायचं, आठवड्यातली कोणती वेळ कोणत्या कुंडीसारखी आहे? मोबाइल हातात असतानाची? परीक्षेच्या आदल्या रात्रीची? मग उत्तरं खरी येतात. तीसपट, साठपट, शंभरपट यांपैकी तीसपटही चांगल्याच जमिनीत मोजलंय, हे कमी मार्कांच्या मुलांना मुद्दाम सांगा.

देवास नाका, ठेकेदारी

द्राक्षमळ्यातले कामकरी, मत्तय २०. मालक मजूर आणायला पहाटे, नऊला, बाराला, तीनला आणि पाचला जातो, आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. मजूर चौकात दहा वाजल्यानंतर उभे असतात ते म्हातारे, किडकिडीत किंवा नवखे. हलकं काम असेल, विटा भिजवणं, साफसफाई, तर त्यांना घ्या. पैसे त्याच संध्याकाळी, सुट्टे बरोबर ठेवून. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात सूर्य मावळायच्या आत द्या असं आहे. "उद्या हिशेब करू" म्हटलं की त्या घरात रात्री चूल पेटत नाही. आणि पहाटेच्या मजुराशी दर आधी ठरला होता हे विसरू नका. दर न ठरवता शेवटी मालकाने स्वतःच्या मर्जीने दिलं तर ते औदार्य होत नाही, तंटा होतो.

लोकमान्यनगर (धागा सुरू करणारी)

निष्फळ अंजीर, लूक १३, अजून कोणी घेतलं नाही म्हणून लिहिते. तीन वर्षं फळ नाही, माळी एक वर्ष मागतो आणि काय करणार तेही सांगतो: भोवती खणीन, खत घालीन. मंडळीतला एखादा उपक्रम मरगळला की हे जसंच्या तसं वापरा. बुधवारच्या प्रार्थनेला तीन माणसं येतात. खणणं म्हणजे न येणाऱ्या दहा घरांना कारण विचारणं. बहुतेक वेळा वेळ किंवा जागा अडचणीची निघते. खत म्हणजे नवा माणूस आणि थोडे पैसे: गाणं धरणारा एक, रिक्षाचं भाडं, चहा. पुढच्या वर्षीची तारीख आजच कार्यवृत्ताच्या वहीत लिहा आणि त्या दिवशीच्या सभेच्या विषयांत तो पहिला ठेवा. तोपर्यंत दर महिन्याला "बंद करायचं का" ही चर्चा नको. खणलेल्या मुळांना रोज हलवलं तर झाड वाळतं.

दहा कुमारी आणि तालांत यांवर अजून कोणी लिहिलेलं नाही. तरुण संघातल्यांनी लिहावं.