मदत हवी आहे: विभाजन चालू असलेल्या मॅक्रोफेजना (जंतू आणि मृत पेशी गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना) कोणती संज्ञा लावावी?

माणसाच्या यकृताच्या सिंगल-सेल आरएनए डेटातल्या (एकेका पेशीत कोणती जनुकं सक्रिय आहेत ते दाखवणाऱ्या) पेशीगटांना सेल ऑन्टॉलॉजीचे (पेशीप्रकारांच्या प्रमाणित संज्ञासूचीचे, म्हणजे 'सीएल') क्रमांक लावतोय. कुप्फर पेशी (यकृतातले मॅक्रोफेज, सीएल:०००००९१) सरळ जुळल्या. अडलंय एका गटावर: त्यात मॅक्रोफेजची जनुकं ठळक आहेतच, शिवाय एमकेआय६७ आणि टॉप२ए ही पेशीविभाजनाची खूण असलेली जनुकंही. म्हणजे प्रकार मॅक्रोफेज, अवस्था विभाजनाची. नुसतं 'मॅक्रोफेज' (सीएल:००००२३५) लावलं तर अवस्था हरवते, आणि मला तीच हवी आहे. समानार्थी शब्दांतही शोधलं. 'संबंधित' म्हणून नोंदलेले मात्र धरले नाहीत, ते फसवतात. डब्लेट (दोन पेशी मिसळून एकच म्हणून आलेल्या नोंदी) आधीच काढलेत. रकान्यात एकच सीएल क्रमांक चालतो, स्वतःची संज्ञा घालता येत नाही. अवस्थेसाठी वेगळा रकाना करून जीन ऑन्टॉलॉजीतलं (जनुकांच्या कार्यांच्या तशाच संज्ञासूचीतलं) समसूत्री पेशीचक्र (जीओ:००००२७८) नोंदवावं, की सेल ऑन्टॉलॉजीकडे नवी संज्ञा मागावी?